रत्नागिरीत बी.एस्सी. करणाऱ्याला प्रोटिओमिक्स आणि पेशीजीवशास्त्रात संशोधक होता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्राणिशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला आहात, प्रोटिओमिक्सबद्दल, म्हणजे पेशीतली प्रथिनं एकगठ्ठा तपासण्याच्या शास्त्राबद्दल, वाचून भारावला आहात, पण कॉलेजात मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन, कुणी पाहिलेलंही नाही. तेव्हा या वाटेला जावं का, आणि या शास्त्रज्ञांचं काम रोजच्या रोज असतं तरी कसं?

मी राजापूर तालुक्यातला. गेली बरीच वर्षं पुण्यात विषांमधल्या प्रथिनांवर काम करतोय. तेव्हा अनुभवाचंच सांगतो.

आधी मशीनची भीती काढून टाका. ते कोट्यवधी रुपयांचं असतं आणि मोठ्या शहरातल्याही सगळ्या प्रयोगशाळांकडे स्वतःचं नसतं. सॅम्पल तयार करायचं, दुसरीकडे नंबर लावायचा, डेटा आला की घेऊन बसायचं, असाच बहुतेकांचा संसार चालतो. मशीनला वाहिलेला माणूस वेगळा असतो, त्याची नोकरीही वेगळी. तुम्ही संशोधक व्हायचं म्हणताय, तर तुमचा बराचसा वेळ मशीनच्या आधी आणि मशीनच्या नंतर जाणार.

आधी म्हणजे काय, तर पेशी फोडायच्या, प्रथिनं बाहेर काढायची, त्यात ट्रिप्सिन घालून रात्रभर 37 अंशांवर ठेवायचं. ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) लायसिन आणि आर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांच्या पुढे कापतं, म्हणून तुकडे कुठे पडणार हे आधीच कागदावर मांडता येतं. हे तुकडे बारीक कॉलममधून मशीनमध्ये जातात, त्यांचं वस्तुमान मोजलं जातं, मग ते फोडून पुन्हा मोजतात. प्रथिनांसारखे अवजड रेणू धडधाकट अवस्थेत हवेत उडवायची युक्ती सापडली म्हणून हे सगळं शक्य झालं. त्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

नवीन मुलाच्या पहिल्या रनमध्ये हटकून काय सापडतं ठाऊक आहे? केराटिन. त्याचीच त्वचा, त्याचेच केस. आपल्याकडची पोरं पुण्याच्या डिसेंबरमध्ये स्वेटर चढवून लॅबमध्ये येतात, मग यादीत मेंढीचं केराटिनही दिसायला लागतं. ग्लोव्हज घालून कपाळावरची बट मागे सारली, तरी तेच ग्लोव्हज सॅम्पलला लागतात. ही शिस्त कुठलंही पुस्तक शिकवत नाही, सीनियर ओरडून शिकवतात.

दुसरी गोष्ट बर्फाची, आणि ती तुम्हाला वेगळी सांगायला नको. मासळी उतरते ती काही अंशी तिच्याच पेशींतली विकरं तिची प्रथिनं कुरतडायला लागतात म्हणून. बंदरावर बर्फ मारतात आणि आम्ही सॅम्पल उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतो, कारण एकच.

आता मशीननंतरचं. सॉफ्टवेअर मोजलेली वस्तुमानं माहीत असलेल्या प्रथिनांशी ताडून पाहतं आणि तुमच्या हातात दोन-तीन हजार प्रथिनांची यादी ठेवतं. नवख्याला वाटतं, झालं काम. माझं ठाम मत आहे की खरी परीक्षा इथेच सुरू होते, आणि अर्धे लोक इथेच नापास होतात. यादी खरी कशावरून? त्यासाठी खऱ्या प्रथिनांच्या क्रमांसोबत (क्रम म्हणजे अमिनो आम्लांची ओळीने मांडणी) मुद्दाम उलटे फिरवलेले, निसर्गात नसलेले क्रम मिसळून देतात आणि सॉफ्टवेअर त्यांना किती वेळा फसतं ते पाहतात. एरवी 1 टक्क्यापर्यंतची चूक चालवून घेतात. म्हणून सांगतो, सांख्यिकीला ऑप्शनला टाकू नका.

पण सांख्यिकीही पुरत नाही. 2014 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात मानवी प्रथिनांचे दोन आराखडे आले. त्यातला एक अखिलेश पांडे यांच्या गटाचा, बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सच्या साथीने केलेला. 17,294 जनुकांची प्रथिनं त्यांनी नोंदवली होती. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण 20,000, त्यामुळे कौतुक झालंच आणि ते रास्तही होतं. मग काही टीकाकारांनी यादी चाळली, तर तीत वास ओळखणारी प्रथिनं भरपूर, आणि नाकाचं सॅम्पल मात्र तपासलेलंच नव्हतं! हे खटकायला पेशीजीवशास्त्र यावं लागतं. कुठलं प्रथिन कुठल्या पेशीत, पेशीच्या कुठल्या भागात आणि काय करत बसलेलं असतं, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी यादी ही नुसती मतदारयादी. म्हणून यादीतली मोजकी नावं निवडून आम्ही परत पेशींकडे जातो. नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, ते प्रथिन बंद पाडलं तर पेशीचं काय होतं ते तपासतो. यात वर्षं जातात.

कोकणाचं म्हणाल, तर या बाबतीत आपला इलाखा मुळीच मागास नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर घ्या. लाल विंचू चावून माणसं दगावायची. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूचं प्रमाण खूप खाली आणलं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषातली छोटी प्रथिनं चेतापेशींची सोडियमची दारं उघडी ठेवतात, शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, त्या पुराचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम अडवतं. प्रथिनांची यादी न करता नेमका प्रश्न पकडला की काय होतं ते बघा. 

पुढची वाट ठरलेली आहे, तिच्यावर फार लिहीत नाही. एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा देऊन किंवा डीबीटीकडून (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मग पीएच.डी. त्यासाठीच्या संस्था म्हणजे पुण्यात एनसीसीएस, एनसीएल, आयसर, मुंबईत टीआयएफआर आणि पवईची आयआयटी, खारघरला कर्करोग संशोधनाचं ॲक्ट्रेक. खारघर रायगड जिल्ह्यात, म्हणजे हिशोबाने कोकणातच. जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनंतर 42,000, घरभाडं वेगळं. पैसे कधीकधी महिनोन् महिने उशिरा येतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. कायमच्या जागा कमी, स्पर्धा फार. मात्र जैविक औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना प्रथिनं तपासणारी माणसं लागतात, त्यामुळे उपाशी राहायची वेळ सहसा येत नाही.

यंदाच करण्यासारखं: स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटी मुंबईचे प्रोटिओमिक्सचे कोर्स आहेत, ते बघा. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा. जगभरच्या प्रयोगशाळांचा खराखुरा डेटा प्राइड या संकेतस्थळावर फुकट मिळतो, आणि तो चाळायचं मॅक्सक्वांट हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. बऱ्यापैकी रॅम असलेला कॉम्प्युटर मिळाला की रत्नागिरीत बसून काम सुरू.

त्याही आधी एक धडा पेन्सिलीने करा. कोलंबी खाल्ल्यावर काहींच्या अंगावर गांधी उठतात, त्यामागचं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. शिजवूनही ते हटत नाही. युनिप्रॉट हे प्रथिनांच्या क्रमांचं संकेतस्थळ उघडून कोलंबीच्या ट्रोपोमायोसिनचा क्रम उतरवून घ्या, 284 अमिनो आम्लं आहेत. प्रत्येक के (K, लायसिन) आणि आर (R, आर्जिनिन) या अक्षरानंतर रेघ मारा, म्हणजे ट्रिप्सिन कापेल तिथे, फक्त पुढे पी (P, प्रोलिन) असेल तिथे सोडा. बरेच तुकडे दोन-तीन अक्षरांचेच पडतील. ते ओळख पटवायला निकामी, कारण तसे तुकडे भलत्याच प्रथिनांतही सापडतात. साधारण सात ते पंचवीस अक्षरांचे वेगळे काढा आणि त्यातला कुठला तुकडा कोलंबीत आहे पण कोंबडीच्या ट्रोपोमायोसिनमध्ये नाही, तो शोधा. पाकिटबंद खाण्यात कोलंबी मिसळलीय का हे मास स्पेक्ट्रोमीटरने तपासतात तेव्हा असाच तुकडा हुडकतात.