‘वर पाठवली’ म्हणजे नेमकी कुठे?

मागच्या खेपेला फेरफाराच्या नोंदींबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती भलत्याच विषयावर, नागरिकत्वाच्या अडकलेल्या अर्जांवर. त्यातली चार घेतो. नावं गाळली आहेत.

प्रश्न (मूर्तिजापूर तालुका) : बायको सिंधमधली, हिंदू. लग्नानंतर सात वर्षं इथे राहिल्यावर तिचा अर्ज भरला, त्यालाही आता पाच वर्षं होत आली. कलेक्टर ऑफिसात गेलो की "वर पाठवली" एवढंच ऐकतो. आणखी किती दिवस वाट पाहू जी?

उत्तर : ‘किती दिवस’ विचारणं सोडा, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ‘कुठे’ विचारा.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ खालचा हा नोंदणीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्याच्या गृह विभागाकडे आणि तिथून दिल्लीला गृह मंत्रालयात जातो. नियमांत जिल्ह्याला ६० दिवस आणि राज्याला ३० दिवस दिलेले आहेत. मधे पोलीस आणि गुप्तवार्ता यंत्रणेचे अहवाल यावे लागतात. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फायली तिथेच निजतात.

एक फाटा ध्यानात ठेवा. २०१६ च्या अधिसूचनेने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांच्या अर्जांचा अधिकार नागपूरसह काही निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनाच दिला. राज्यातल्या बाकी जिल्ह्यांसाठी तो गृहसचिवांकडे गेला. "नागपूरच्या मेहुण्याचं झालं, आमचं काहून नाही?" याचं एक कारण हे. त्यामुळे तुमचं ‘वर’ म्हणजे मुंबईचं मंत्रालय की दिल्ली, हेच आधी ठरवायला हवं.

एका जिल्ह्यातला किस्सा सांगतो. अशील दोन वर्षं "वर पाठवली" ऐकत होता. बारनिशीत, म्हणजे टपालाची आवक-जावक नोंदवतात त्या शाखेत, जाऊन जावक नोंदवही पाहिली, तर त्याच्या नावापुढे जावक क्रमांकच नाही! फाईल त्याच खोलीत, लाल फडक्याच्या गठ्ठ्यात होती. पोलिसांचा अहवाल येऊन पडला होता आणि टाचणीला गंज चढला होता. अडलं होतं ते लग्नाच्या दाखल्याच्या भाषांतरापाशी. त्रुटीचं पत्र टाइप झालेलं, सही झालेली, फक्त टपालात पडलेलं नव्हतं. कारकुनाने लपवलं असं मी म्हणणार नाही. तीन टेबलांचं काम एका माणसाकडे होतं.

तेव्हा माहिती अधिकारात एका पानाचा अर्ज करा. जिल्ह्याच्या कार्यालयाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही. अर्ज कोणत्या तारखेला आवक झाला, पोलिसांकडे कधी गेला, अहवाल कधी आला, राज्याकडे कोणत्या जावक क्रमांकाने व तारखेने गेला, आणि आज कोणत्या कार्यासनाकडे (टेबलाकडे) आहे, एवढंच विचारा. अहवालात काय लिहिलंय ते विचारू नका. गुप्तवार्ता म्हणून नकार येतो आणि त्या निमित्ताने बाकीची उत्तरंही लांबतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. जावक क्रमांक हाती आला की मुंबईला किंवा दिल्लीला तोच क्रमांक टाकून दुसरा अर्ज. केंद्राचा अर्ज ऑनलाइन जातो.

या धावपळीत बायकोच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं नूतनीकरण चुकवू नका. ते पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या विदेशी नोंदणी शाखेचं काम, नागरिकत्वाच्या फायलीशी त्याची सांगड नाही.

प्रश्न (मुलचेरा तालुका) : बाबा साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आले, सरकारनेच इथे जमीन दिली. माझा जन्म १९७५ चा, इथलाच. मुलाच्या कागदपत्रांसाठी गेलो तर एक जण म्हणतो, आधी सीएएचा (२०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचा) फॉर्म भरा, मग वाट पाहा.

उत्तर : भरू नका, दादा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक, आईवडील कुठलेही असोत (परदेशी वकिलातीतल्यांची मुलं सोडून). त्या फॉर्मवर तुम्ही स्वतःला दुसऱ्या देशाचा म्हणून लिहून देता. ज्याची गरज नाही त्या रांगेत उभं राहायचं आणि वर स्वतःच्याच सहीने परकं व्हायचं, असला उद्योग कशाला? तुमची पत्नीही त्याच काळात इथे जन्मलेली असेल, तर मुलगा कधीही जन्मला असो, इथे जन्मलेला असला की प्रश्न मिटला.

तुमची अडचण कागदाची आहे. पहिलीच्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा, त्यात जन्मस्थळ पाहा. बाबांच्या जमिनीचा पट्टा आणि पुनर्वसनाचे कागद गडचिरोलीत सापडले नाहीत तर हताश होऊ नका. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, त्याआधीचं दप्तर चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात शोधा. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र सेतूत अडलं तर ते लोकसेवा हक्क कायद्यात येतं, मुदत उलटली की अपील करता येतं. मात्र ते प्रमाणपत्र म्हणजे नागरिकत्वाचा दाखला नव्हे, हेही समजून असा.

प्रश्न (काटोल तालुका) : आई २०११ ला सिंधमधून आली. सीएएच्या २०२४ च्या नियमांनुसार ऑनलाइन अर्ज केला. वर्ष झालं, कलेक्टर ऑफिस म्हणतं आमच्याकडे काहीच नाही.

उत्तर : खरंच नसणार. हे अर्ज डाक अधीक्षकांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातात. मूळ कागदांची पडताळणी आणि निष्ठेची शपथ तिथेच होते, निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालची अधिकारप्राप्त समिती घेते. अर्जावर मोबाइल नंबर कुणाचा टाकलाय ते आधी पाहा. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या अर्जावर नेट कॅफेवाल्या पोराचा नंबर होता. बोलावण्याचे दोन संदेश त्याच्याकडे, आणि पोरगं पुण्याला! संधी देऊनही अर्जदार हजर झाला नाही तर प्रकरण नामंजुरीसाठी वर जाऊ शकतं. उद्याच अर्ज क्रमांक घेऊन डाक अधीक्षक कार्यालयात जा.

प्रश्न (अचलपूर तालुका) : एजंट चाळीस हजारांत काम करून देतो म्हणतो. नाहीतर हायकोर्ट, असं दुसरा म्हणतो. बहिणीचा अर्ज आहे, सहा वर्षं झाली.

उत्तर : एजंटला नाही म्हणा. फाईल कुठे आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

हायकोर्टाची नागपूर खंडपीठाची वाट खरी आहे, पण न्यायालय सहसा नागरिकत्व देत नाही, "अमुक आठवड्यांत निर्णय घ्या" असा आदेश देतं. निर्णय नकाराचाही असू शकतो, म्हणून त्रुटी आधी भरून काढा. स्त्री अर्जदाराला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अचलपूरच्या न्यायालयातच तालुका समितीकडे चौकशी करा. जाताना अर्जाची पोच, स्मरणपत्रं आणि माहिती अधिकाराची उत्तरं तारखेच्या क्रमाने लावून न्या. आणि बहिणीला सोबत न्या, वकीलपत्रावर सही तिचीच लागेल.