दिव्यांग प्रवाशांची ने-आण करणाऱ्या चालकाची गुन्हे-पडताळणी नेमकी कशी करावी?

नुसतं नाव टाकून केलेल्या शोधावर विसंबू नका. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं किंवा आडनाव बदललं, की जुनी नोंद निसटते. उलट सारख्या नावाच्या भलत्याच माणसाचा गुन्हा निरपराध चालकाच्या माथी बसतो. सोय असेल तिथे बोटांच्या ठशांवरूनच तपासा. त्याआधी लेखी संमती, मूळ ओळखपत्र, पूर्वीची सगळी नावं आणि तारखांसह राहिलेले पत्ते घ्या. मधले सहा महिने गायब दिसले तर विचारा, कारण स्थानिक नोंदी बहुधा त्या भागापुरत्याच असतात.

वाहतूक गुन्हे आणि परवाना-निलंबनाचा इतिहास वेगळा मागवा. गुन्हे-अहवालात तो येईलच असं नाही.

लैंगिक गुन्हा, मारहाण किंवा परावलंबी व्यक्तीची फसवणूक यांत दोषी ठरलेला माणूस नकोच. पण वीस वर्षांपूर्वीची किरकोळ चोरी त्याच तराजूत तोलू नये. नोंद निघालीच, तर आधी चालकाला अहवाल दाखवून त्याचं म्हणणं ऐका.

खरी गफलत होते बदली चालकात. नेहमीचा आजारी पडला की ऐनवेळी कुणीही स्टिअरिंगवर बसतो. तेव्हा तपासलेले दोन राखीव चालक ठेवाच. शिवाय अहवाल त्या तारखेपुरताच खरा. दरवर्षी नवा काढा.