पहिल्यांदा कुत्री घेऊन माउंटन लायनच्या मागे जाणाऱ्या भावाला

भावा, आधी नियम वाच, मग कुत्री गाडीत भर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1990 च्या कायद्याने माउंटन लायनची, म्हणजे प्यूमा या मोठ्या रानमांजराची, शिकारच बंद, ऑरेगॉनमध्ये 1994 आणि वॉशिंग्टनमध्ये 1996 पासून कुत्री लावायला मनाई. मोंटानात मात्र नुसत्या पाठलागाचा वेगळा सीझन असतो, नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

ताज्या बर्फात माग बघ, पंज्याच्या गादीला मागच्या बाजूला तीन गोल फुगवटे दिसतात आणि नखं सहसा उमटत नाहीत, नखं दिसली तर बहुतेक कुत्रा किंवा कोयोटी (कोल्ह्यासारखा तिकडचा प्राणी) असणार. एका मोठ्या मागासोबत छोटे माग दिसले तर कुत्री सोडूच नकोस, ती पिल्लांची आई आहे, पिल्लं वर्ष-दीड वर्ष तिच्यावरच जगतात आणि मोकळी कुत्री पिल्लांना फाडतात.

झाडावर चढलं की घाई नको. ह्या प्राण्याला लांब पळायचा दम नसतो म्हणून तर तो झाडावर जातो, मग निवांत दुर्बीण काढ, शेपटीखाली चार-पाच इंचांवर काळा ठिपका दिसला तर नर. शेपटी खाली दाबून बसलं असेल तर थांब, हलेल कधीतरी.

आणि बंदूक नाही काढली तर काय? फोटो घे, कुत्र्यांना शाबासकी दे (त्यांना तेवढंच हवं असतं), सगळ्यांना पट्टे लाव आणि लांब ने. झाडाखाली तासभर रेंगाळू नको, तेच मांजर परत दुसऱ्या दिवशी पळवू नको. मी पहिल्या वेळी एक कुत्री मोकळीच ठेवली होती, मांजर उतरल्या उतरल्या परत पळापळ, आणि तिला शोधायला जीपीएस कॉलर असूनही अंधार पडला.