सिबिलवरच्या तीन नोंदी : एक खोटी, एक खरी, एक मावसभावाची

प्रश्न : मी खटाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. घरासाठी २२ लाखांचे कर्ज मागितले, तेव्हा ‘तुमचे सिबिल ५९८ आहे’ एवढेच सांगून बँकेने अर्ज परत केला. अहवाल काढून पाहिला, तर त्यात तीन नोंदी आढळल्या. पहिली एका वित्त कंपनीकडून २०२१ मध्ये मोबाइलसाठी घेतलेल्या १८,९९० रुपयांच्या कर्जाची आहे. हे कर्ज मी कधीच घेतलेले नाही, तरीही ते बुडीत म्हणून दाखवले आहे. दुसरी नोंद माझ्या जुन्या क्रेडिट कार्डाची आहे. ६१,४०० रुपये थकले होते, २०१९ मध्ये बँकेने ३५,००० रुपये घेऊन पत्र दिले, तरी अजून ‘सेटल्ड’ असा शेरा दिसतो. तिसरी नोंद मावसभावाच्या वर्कशॉपसाठी नागरी सहकारी बँकेने दिलेल्या सहा लाखांच्या कर्जाची आहे. त्याला मी जामीन आहे आणि गेली दिवाळी झाल्यापासून त्याचे हप्ते थकले आहेत. मोबाइलच्या कर्जाबद्दल ऑनलाइन तक्रार करून ७४ दिवस झाले, पण तक्रार क्रमांकापलीकडे काहीही आलेले नाही. साताऱ्यातील एक एजंट १५,००० रुपयांत पंधरा दिवसांत सगळे साफ करून देतो म्हणतो. काय करावे?

उत्तर : एजंटाला पैसे देऊ नका, आणि अहवाल उघडण्यासाठी लागणारा ओटीपी तर मुळीच देऊ नका. आपल्या अहवालातील तिन्ही नोंदी एकाच रंगाच्या दिसत असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा भक्कम हक्क कायदा आपल्याला देतो, मात्र खरी नोंद गैरसोयीची आहे म्हणून पुसून मागण्याचा हक्क तो देत नाही. एजंट नेमका हाच फरक लपवतात.

‘सिबिल’ हा शब्द आपल्याकडे गुणांकासाठी रूढ झाला असला, तरी ते मुळात एका कंपनीचे नाव आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने काम करतात आणि त्यांचा कारभार पतमाहिती कंपन्या (नियमन) कायदा, २००५ याखाली चालतो. कर्ज देणाऱ्या संस्था आपली माहिती चौघींनाही पुरवतात. आपण एकीचाच अहवाल पाहिलेला दिसतो. उरलेल्या तिन्ही कंपन्यांचेही अहवाल काढा, कारण एका ठिकाणची चूक दुसरीकडे वेगळ्या रकमेने किंवा वेगळ्या तारखेने उभी असू शकते. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१७ पासून लागू आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. तो घटू शकतो लागोपाठ चार-पाच बँकांत अर्ज टाकल्याने, कारण प्रत्येक बँकेची चौकशी अहवालात नोंदली जाते.

आता मोबाइलच्या कर्जाविषयी. आपण पाठवलेल्या अहवालात या खात्यावर पॅन आपला आहे, पण पत्ता भोसरीचा आहे आणि मोबाइल क्रमांक आपल्या ओळखीचा नाही. याचे दोनच अर्थ संभवतात : एकतर दुसऱ्याच्या कर्जाला चुकून आपला पॅन चिकटला, किंवा कोणी आपल्या कागदपत्रांचा वापर करून कर्ज उचलले. नेमके काय घडले, हे वित्त कंपनीच्या फाइलमधूनच कळेल. म्हणून तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन कर्जाचा अर्ज, ओळखीच्या कागदपत्रांच्या प्रती, अर्जासोबतचा छायाचित्राचा पुरावा, मोबाइल कोणत्या पत्त्यावर आणि कोणाला दिला, पहिला हप्ता कोणत्या खात्यातून गेला, हे सर्व मागा. सही आणि फोटो आपला नसेल, तर निम्मे काम तिथेच होते. कागदपत्रांचा गैरवापर झाल्याचे दिसले, तर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, आणि पोलिसांकडील तक्रारीची प्रत वित्त कंपनीला दिली, की तिला टाळाटाळ करणे कठीण जाते.

या नोंदीबाबत एक चूक अनेकांकडून होते, ती आपण करू नये. वसुलीचा माणूस फोनवर ‘तीन हजार भरा, विषय संपवून टाकू’ असे सांगेल, आणि घराचे कर्ज अडले असताना तो सौदा स्वस्तही वाटेल. मात्र एक रुपया भरला तरी ते कर्ज आपलेच होते असा अर्थ काढला जातो, अंशतः भरणा म्हणून वसुलीच्या मुदतीचा मुद्दा नव्याने उभा राहू शकतो, आणि अहवालात ‘बुडीत’च्या जागी ‘सेटल्ड’ येऊन खोट्या नोंदीची खरी नोंद होऊन बसते.

दुरुस्तीचा हक्क २००५ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. आपण दुरुस्ती मागितल्यापासून ३० दिवसांच्या आत संबंधितांनी पाऊल उचलले पाहिजे. पण त्याच कलमातील दोन परंतुके, म्हणजे जोडलेल्या अटी, नीट वाचल्या पाहिजेत. पहिल्याप्रमाणे, कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनी नोंदीला हात लावू शकत नाही. म्हणूनच पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार टाकून वाट पाहत बसणे पुरेसे नाही, वित्त कंपनीच्या मागे स्वतंत्रपणे लागले पाहिजे. पंधरा दिवसांत आतून काम करून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या बोलण्यात तथ्य नाही, तेही याच कारणाने. दुसरे परंतुक असे, की दुरुस्तीविषयीचा वाद न्यायालयात, न्यायाधिकरणात किंवा लवादापुढे प्रलंबित असेल, तर दुरुस्ती होत नाही आणि तोवर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वहीतील नोंदच ग्राह्य धरली जाते. रागाच्या भरात आधी दावा ठोकणारा माणूस आपल्याच हाताने चुकीची नोंद गोठवून घेतो. मी स्वतः वकील असूनही आपल्याला न्यायालयाचा रस्ता सर्वांत शेवटी ठेवायला सांगतो आहे, त्याचे कारण हे परंतुक आहे.

आपले ७४ दिवस मात्र वाया गेलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या आणि सहा महिन्यांनी अमलात आलेल्या आदेशानुसार, तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळाली पाहिजे. आपल्या पत्राच्या तारखेपर्यंत ४४ दिवस जास्त झाले, म्हणजे ४,४०० रुपये झाले आणि आकडा रोज वाढतो आहे. वित्त कंपनीला तक्रार कळवल्यापासून २१ दिवसांत तिने सुधारित माहिती पाठवली नसेल, तर भरपाई तिने द्यायची असते. तिने वेळेत पाठवूनही पतमाहिती कंपनीने काम केले नसेल, तर ती पतमाहिती कंपनीने द्यायची असते. दुरुस्तीची मागणी फेटाळायची असेल, तर कारणे कळवण्याचे बंधनही संस्थेवर आहे, तेव्हा ‘माहिती बरोबर आहे’ एवढ्या एका ओळीच्या उत्तरावर समाधान मानू नका. पत्रात तक्रार क्रमांक, तक्रारीची तारीख, अहवालावरील नियंत्रण क्रमांक आणि भरपाईची मागणी स्पष्ट लिहा.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या योजनेत आल्या आहेत. तक्रार विनामूल्य आहे, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ही तक्रार आपली आपणच करायची असते. स्वतः पीडित असल्याशिवाय वकिलाला ती दुसऱ्याच्या वतीने दाखल करता येत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणी फी मागितली तर देऊ नका.

क्रेडिट कार्डाच्या नोंदीविषयी मला आपल्याला न आवडणारे उत्तर द्यावे लागत आहे. बँकेचे पत्र मी वाचले. त्यात ‘एकरकमी तडजोड’ असे शब्द आहेत, ‘पूर्ण परतफेड’ असे नाहीत. ६१,४०० पैकी २६,४०० रुपये बँकेने सोडले, ही वस्तुस्थिती आहे आणि ‘सेटल्ड’ हा शेरा तेवढेच सांगतो. बँकेने आपल्याला फसवले असे म्हणता येणार नाही, मात्र या शब्दाचा परिणाम त्या वेळी कोणी समजावून सांगितला नाही, ही आपली तक्रार मला रास्त वाटते. सात वर्षांनी नोंद आपोआप जाते, असा समज सर्वत्र आहे. नियमांत माहिती ‘किमान’ सात वर्षे जपून ठेवावी असे म्हटले आहे, सात वर्षांनी पुसावी असे नाही. एक गोष्ट मात्र तपासा : तडजोडीनंतरही त्या खात्यावर २६,४०० रुपये चालू थकबाकी म्हणून दाखवले असतील, तर ती चूक आहे आणि ती कलम २१ खाली दुरुस्त करून मागता येईल.

शेरा बदलायचाच असेल, तर सोडलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवा. पैसे भरण्याआधी बँकेकडून लेखी घ्या, की ही रक्कम मिळाल्यावर खाते ‘बंद’ म्हणून चारही पतमाहिती कंपन्यांना कळवले जाईल. तोंडी आश्वासनावर भरू नका. पूर्वीच्या महिन्यांतील विलंब अहवालाच्या महिनेवार तक्त्यात राहील, पण घराचे कर्ज देणारा अधिकारी ‘सेटल्ड’ आणि ‘बंद’ या दोन शब्दांत मोठा फरक करतो.

तिसरी नोंद सर्वांत तातडीची आहे, आणि आपण ती सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिली आहे. त्या खात्याचा महिनेवार तक्ता पुन्हा पाहा. प्रत्येक महिन्याच्या चौकटीत हप्ता किती दिवस उशिरा आहे याचा आकडा असतो. आपल्या तक्त्यात ऑक्टोबरपर्यंत ‘०००’ आहे, त्यानंतर ०३१, ०६२, ०९२ असे आकडे चढत गेले आहेत. ९० दिवस ओलांडले, की खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, ठरते. मोबाइलची खोटी नोंद उद्या निघाली, तरी हे आकडे चढत असताना कोणतीही बँक आपल्याला २२ लाख देईल असे मला वाटत नाही.

‘मी फक्त सही केली, पैसे वापरले नाहीत’ हे आपले म्हणणे माणूस म्हणून मला समजते, पण भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि मग आपल्याकडे यावे, असा क्रमही कायदा सांगत नाही. ‘माझा जामीन रद्द करा’ असे पत्र देऊन दिलेल्या कर्जातून बाहेर पडता येत नाही. शिवाय सहकारी बँकेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवता येतो. तो कर्जदाराबरोबर जामीनदारांविरुद्धही निघतो आणि नोकरदार जामीनदाराचा पगार हाताशी असल्याने वसुलीचा रोख बहुधा त्याच्याकडेच वळतो.

म्हणून या आठवड्यात मावसभावाला घेऊन बँकेच्या शाखेत जा आणि थकीत रकमेचा खातेउतारा व जामीनपत्राची प्रत मागा. आपल्या संमतीशिवाय बँकेने कर्जाच्या अटी बदलल्या असतील, तर करार कायद्याच्या कलम १३३ खाली त्यानंतरच्या व्यवहारांपुरती आपली सुटका होऊ शकते. पण छापील जामीनपत्रात हा हक्क आधीच सोडून दिल्याचे कलम पुष्कळदा असते, त्यामुळे ते वाचल्याशिवाय या मुद्द्यावर आशा ठेवू नका. थकलेले हप्ते आपल्याला भरावे लागलेच, तर ते रोखीने मावसभावाच्या हातात देऊ नका. आपल्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि जामीनदार म्हणून भरल्याची पावती घ्या. त्याच कायद्याच्या कलम १४५ नुसार ती रक्कम मावसभावाकडून वसूल करण्याचा आपल्याला हक्क आहे आणि भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षांत दावा करता येतो. नात्यात दावा करणे कोणालाच नको असते, हे मी जाणतो. तरी पावती ठेवा. सगळे कर्ज आपण फेडले, तर बँकेकडे असलेल्या तारणावरचे तिचे हक्कही आपल्याकडे येतात. वर्कशॉपमधील यंत्रे तारण आहेत का, हे खातेउताऱ्याबरोबरच विचारून घ्या.

घराच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत सध्या अर्ज करू नका. मावसभावाचे खाते नियमित झाले आणि मोबाइलची नोंद निघाली, की चारही अहवाल पुन्हा काढा. जानेवारी २०२५ पासून संस्थांना माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीइतका काळ लागणार नाही. नवा अर्ज करताना कार्डाच्या तडजोडीचे पत्र आणि दुरुस्तीची लेखी उत्तरे अर्जालाच जोडा. वित्त कंपनीला द्यायच्या पत्राच्या दोन प्रती काढा, एक शाखेत देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शाखेने पोच देण्यास नकार दिला, तर तेच पत्र त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने पाठवा, कारण २१ आणि ३० दिवसांची मोजणी आपल्याला त्या तारखेपासून सिद्ध करावी लागेल.