शुद्धीचे नियम गाळून वाचावं का?

प्रश्न : ताई, रोज सकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते. पण हातपाय धुण्याचे, शुद्धीचे नियम आले की मन लागत नाही. ते गाळले तर चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नका गाळू. मीही ती पानं भराभर उलटायची. मग बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायातल्या पितळी गंगाळापाशी थबकले. याजक अहरोन आणि त्याच्या मुलांनी वेदीजवळ जाण्याआधी तिथं हातपाय धुवायचे. आणि ३८वा अध्याय सांगतो, ते गंगाळ दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूच्या, दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचं घडवलं होतं! बायकांनी आपले आरसे दिले, हे वाचून माझे डोळे भरले.

माझे वडील यंत्रमागावर होते. मागाला तेल घातलं की हात घासल्याशिवाय पांढऱ्या सुताला शिवत नसत. नळाला चार दिवसांआड पाणी, तरी नखांतलं काळं निघेपर्यंत घासायचे. कुणी बघत नसायचं. तो नियम वाचताना मला त्यांचेच हात दिसतात.

शुद्धीच्या नियमांनी भरलेलं लेवीय हे पुस्तक मात्र सलग नको. रोज अर्धा अध्याय वाचा, जोडीला स्तोत्र ५१. तिथं दावीद राजा देवाकडे शुद्ध हृदय मागतो. ते मोठ्यानं वाचा, चहा ठेवण्याआधी.