मुंबई मॅरेथॉनचे प्रवेश शुल्क भरून धावल्यास ते पैसे मानसिक आरोग्य संस्थेला मिळतात का?

नाही, साधे प्रवेश शुल्क शर्यतीच्या आयोजनासाठी असते. संस्थेला मिळतो तो आपण नातलग, मित्र आणि सहकाऱ्यांकडून वेगळा उभारलेला निधी. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या या शर्यतीत देणग्यांचे काम युनायटेड वे मुंबईमार्फत चालते, त्यामुळे आपण निवडलेली संस्था त्यांच्याकडे नोंदलेली आहे ना, हे आधी पाहावे आणि मगच लोकांपुढे हात पसरावेत. मी स्वतः दोन वेळा असा निधी जमवला असल्याने सांगतो की, ‘मी धावतोय, मदत करा’ एवढ्यावर फारसे कुणी पैसे देत नाही. एका समुपदेशन सत्राला किती खर्च येतो हे संस्थेकडून विचारून तो आकडा संदेशात लिहिला, की पाचशे-हजार रुपये सहज येतात. देणगी रोख घेऊ नये, कारण २,००० रुपयांवरील रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही (आणि हिशेबाची कटकट वेगळीच). मात्र आपण स्वतः मानसिक आजारावर औषधे घेत असाल, तर ४२.१९५ किलोमीटरचा सराव सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य विचारावे. विशेषतः लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी घामावाटे कमी झाल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, आणि मुंबईत जानेवारीतही पेडर रोडच्या चढावर घामाच्या धारा लागतात.