नातवाच्या गोल्फसाठी शेत विकू का?

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत, टेक्सासमध्ये वाढला. कॉलेजच्या संघातून गोल्फ खेळायचा. आता त्याला कॉर्न फेरी टूरवर काही स्पर्धा खेळायला मिळणार आहेत. मुलगा म्हणतो, वर्षभराचा खर्च घरूनच करावा लागेल. रस्त्यालगतचं दीड एकर विकून पैसे पाठवावेत का? आणि ही टूर म्हणजे पीजीएत नापास झालेल्यांचा वर्ग आहे का?
— एक वाचक, यावल

उत्तर : आबा, तुमचा दुसरा प्रश्न मला जरा झोंबला, म्हणून तोच आधी घेतो. पीजीए टूर ही अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फची सर्वांत वरची स्पर्धामालिका आणि कॉर्न फेरी ही तिच्या लगेच खालची पायरी. ती १९९० साली बेन होगन टूर या नावानं सुरू झाली. प्रायोजक बदलले तशी नावं बदलली. २०१९ पासून कॉर्न फेरी. त्याच वर्षी स्कॉटी शेफलर इथे दोन स्पर्धा जिंकून गुणतालिकेत पहिला आला होता. पुढे तो जगात पहिला झाला. तेव्हा नापास कुणाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता पैसे. मी भुसावळला रेल्वेच्या लेखा विभागात हयात घालवली, त्यामुळे बक्षिसाच्या आकड्यापेक्षा माझी नजर आधी खर्चाच्या बाजूला जाते. एका स्पर्धेची एकूण बक्षिसाची रक्कम १० लाख डॉलर, विजेत्याला १ लाख ८० हजार. मुलानं तुम्हाला हाच आकडा सांगितला असणार! पण मैदानात उतरतात दीडशेच्या आसपास. दोन दिवस खेळून झाले की ‘कट’ लागतो : पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे राहतात, बाकीचे शुक्रवारीच सामान बांधतात. त्यांना एक डॉलरही मिळत नाही. कट पार करून अगदी तळाला राहिलेल्याला चारेक हजार मिळतात. त्यातून कॅडी (गोल्फची पिशवी उचलणारा मदतनीस), विमान, गाडी, हॉटेल. बऱ्हाणपूरला केळीचा भाव पडला म्हणून ट्रकवाला भाडं सोडत नाही, तसंच हे. त्यातून हंगामाच्या सुरुवातीला बहामा, पनामा, कोलंबिया, अर्जेंटिना, चिली अशी लांबची फिरती. पुढे अमेरिकेत आल्यावर खर्च जरा आवरतो. बऱ्याच गावांत स्थानिक कुटुंबं खेळाडूंना घरी उतरवून घेतात.

वर्षअखेर पहिल्या २० जणांना पीजीएचं कार्ड, म्हणजे पुढच्या हंगामात त्या टूरवर खेळण्याचा हक्क. २०२४ पर्यंत ते ३० जणांना मिळायचं, म्हणजे दार आणखी अरुंद झालंय.

नातवाला एकच विचारा : ‘तुझ्या नक्की किती स्पर्धा?’ ‘काही’ या शब्दावर पैसे पाठवू नका. क्यू-स्कूलमध्ये, म्हणजे टूरच्या पात्रता स्पर्धेत, वर आलेल्यांना ठरावीक स्पर्धांची हमी असते. खालच्यांना जागा रिकामी झाली तरच बोलावणं येतं, नाहीतर स्पर्धेच्या आठवड्यात सोमवारी होणाऱ्या पात्रता फेरीत नशीब आजमावायचं. (त्या वाटेलाही नाक मुरडू नका. आपला अर्जुन अटवाल २०१० मध्ये सोमवारीच पात्र ठरला आणि विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकून पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय झाला.) काही स्पर्धा झाल्या की ‘रीशफल’ होतो, मिळवलेल्या गुणांवर यादी पुन्हा लावतात. पहिल्या काही आठवड्यांत निदान दोन-तीन कट तरी पार झाले नाहीत तर पुढे खेळायलाच मिळणं अवघड.

म्हणून माझं मत : शेत विकू नका. रीशफलपर्यंतचा खर्च मुलाकडून लिहून मागवा, त्यातला जमेल तेवढा वाटा केळीच्या पैशातून द्या, आणि पुढचं यादी बघून. पोराला राग येईल, येऊ द्या. सुनेला येणार नाही असं मला वाटतं.

पाठवाल ते बँकेतूनच. पॅन लागेल, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरावा लागेल; त्यात पैसे पाठवण्याचं कारण ‘नातेवाइकाला भेट (गिफ्ट)’ असं लिहा. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेनं आधीच गोळा केलेला कर) कापतात. तो रिटर्न भरल्यावर परत मागता येतो, पण तोवर पैसे अडकतात; तेव्हा शक्यतो १० लाखांच्या आतच राहा.